चार तारे, आठ दिवस

‘घेऊ का?’ सामान्य ग्राहकाला परीक्षणाकडून एवढंच हवं असतं. चित्रपट, फोन आणि व्हिडिओ गेम या तिन्हींना आपण ताऱ्यांनी किंवा गुणांनी उत्तर देतो. पण हे तारे कशाचे?

१९२८ साली न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली. तिथं पणाला होती एक संध्याकाळ आणि तिकिटाचे पैसे. फोन मात्र वर्षानुवर्षं वापरायचा असतो. १९३६ साली अमेरिकेत निघालेल्या आजच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं हा फरक ओळखला. जाहिराती घ्यायच्या नाहीत, वस्तू स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन तपासायची, शिवाय ती किती टिकली हे सभासदांना विचारायचं. जपानच्या ‘फामित्सू’नं गेमसाठी वेगळी वाट काढली: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण शेजारीशेजारी. त्यामुळे मतभेद वाचकाला दिसतो.

मी एकदा कंपनीनं पाठवलेला फोन आठ दिवस वापरून चार तारे दिले होते. माझ्या शब्दावर मावशीनं तो घेतला. वर्षभरात बॅटरी फुगली. ती मला काही बोलली नाही, हेच जास्त लागलं. माझे तारे खोटे नव्हते. आठ दिवसांचे होते, आणि ते मी लिहिलं नव्हतं.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. वस्तू कुणाच्या पैशांची, किती दिवस वापरली, कुणासाठी योग्य, हे आधी सांगा. तारे नंतर.