इंग्रजी उच्चाराचा आदर्श : एक आक्षेप

इंग्रजी शिकणाऱ्याने ब्रिटिश उच्चार अनुसरावा की अमेरिकन, हा वाद मोलगीसारख्या सातपुड्यातील गावी अप्रस्तुत ठरतो. तेथील बहुतेक विद्यार्थ्यांची घरची बोली भिली गटातील, शाळेची भाषा मराठी. इंग्रजी कानी पडते ते मराठी वर्णांच्या गाळणीतून. डॅनिएल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने दक्षिण इंग्लंडमधील एका सुशिक्षित वर्गाचा उच्चार नोंदविला. तो सर्वांनी उचलावा असा त्यांचा आग्रह नव्हता. आग्रह धरला तो पुढील अध्यापकांनी.

जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली परस्पर-आकलनास आवश्यक ध्वनिविशेष निवडले. त्यांत ‘थिंक’मधील दंत्य घर्षक नाही, शब्दारंभीच्या प, ट, क यांचे महाप्राणत्व आहे, आणि ते ब्रिटिश व अमेरिकन दोहोंतही आढळते. आपण ‘कोट’ अल्पप्राण उच्चारतो. परक्या श्रोत्याला तो ‘गोट’, म्हणजे बकरी, ऐकू येण्याचा संभव असतो. वास्तविक ख, ठ मराठीत आहेतच! अडसर आहे तो लिप्यंतराच्या रूढीचा. अशा स्थितीत तोंडी परीक्षेत ‘थिंक’च्या थकारासाठी गुण कापणे आणि ‘कोट’ बिनतक्रार स्वीकारणे, हा विद्यार्थ्यावर अन्याय होय.