क्वांटम जाळें आणि शिकणारें यंत्र

शास्त्रीय निबंधाकडे साहित्याच्या दृष्टीनें पाहण्याची रीत आपल्याकडे फारशी नाहीं. तथापि स्टेफनी वेनर, डेव्हिड एल्कूस व रोनाल्ड हॅन्सन यांनीं २०१८ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत क्वांटम इंटरनेटवर लिहिलेला निबंध तसा पाहण्याजोगा आहे. या भावी जाळ्याच्या त्यांनीं सहा पायऱ्या कल्पिल्या आहेत. पहिलीवर मधल्या ठाण्यांवर विश्वास ठेवणें भाग पडतें; शेवटचीवर दूरदूरचे क्वांटम संगणक एकमेकांशीं जोडले जातात. पायरीची उंची यंत्राच्या भपक्यानें न मोजतां, ती चढल्यावर मनुष्यास नवें काय साधेल यावरून मोजली आहे, हा या निबंधाचा मोठा गुण होय.

उणीव एकच भासते. पायरी चढल्यानें काय मिळेल हें जितकें मनावर ठसतें, तितकी ती रोज झाडून ठेवण्याची मेहनत ठसत नाहीं. ही झाडलोट कृत्रिम बुद्धीकडे सोंपवावी, असा विचार आतां बळावत आहे. म्हणून तिची मर्यादा पाहिली पाहिजे.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या प्रयोगशाळांना जोडणारें ‘ईएसनेट’ १९८६ पासून चालू आहे. अशा साध्या जाळ्यावर वाहतुकीच्या जुन्या नोंदींवरून यंत्रास गर्दीचा अंदाज बांधण्यास शिकवितां येतें. अंदाज चुकून संदेशाचा तुकडा हरवला, तरी पाठविणाऱ्याजवळ प्रत असते. तो पुन्हा धाडतां येतो. परंतु अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत करितां येत नाहीं, हें वूटर्स व झुरेक यांनीं, आणि स्वतंत्रपणें डीक्स यांनीं, १९८२ सालीं सिद्ध केलें. शिवाय ती तपासूं गेल्यास बहुधा बदलते. मग यंत्रानें शिकावें कशावरून? संदेशावरून नव्हे, तर वाटेच्या खुणांवरून: प्रकाशतंतूचें तापमान, फोटॉन टिपणाऱ्या उपकरणाच्या नोंदी, प्रकाशाच्या कंपनदिशेंत पडणारा फरक. २०२१ सालीं डेल्फ्ट येथें हॅन्सन यांच्या गटानें तीन ठाण्यांचें क्वांटम जाळें जोडून दाखविलें. तेथेंही प्रकाशलहरींचा मेळ सतत राखावा लागला. अशा कामीं शिकणारें यंत्र उत्तम सेवक ठरेल.

मात्र सेवकानें केलेली प्रत्येक दुरुस्ती नोंदली गेली पाहिजे. नाहींतर प्रयोगाअंतीं हातीं आलेलें उत्तर निसर्गाचें कीं रखवालदाराचें, हें शास्त्रज्ञास सांगतां येणार नाहीं. वेग थोडा कमी पडला तरी चालेल. त्या वहीवांचून मिळालेला वेग विज्ञानाच्या उपयोगाचा नाहीं.