एकच प्याला, पण कोणाच्या हातचा?

'एकच प्याला' म्हटले की मराठी वाचकाला गडकऱ्यांचे नाटक आठवते, सुधाकर आठवतो. मला मात्र आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली कान तुटलेली कपबशी आठवते. माझे वडील ती स्वतः विसळून घेत, चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर ते ती पुन्हा विसळून खुंटीला लावीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पुढे मराठीचा अध्यापक झालो आणि नाटकातला प्याला वर्गात शिकवू लागलो. परंतु आपल्या समाजाचा खरा इतिहास दारूच्या प्याल्यात नसून पाण्याच्या, चहाच्या आणि प्रसादाच्या भांड्यात आहे, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवले नाही.

हे सांगण्याचे कारण म्हणजे तंजावरचा एक ख्रिस्ती कवी. मराठी हस्तलिखिते पाहावीत म्हणून मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो होतो. तंजावर म्हटले की आपल्या अभ्यासकांचा ऊर भरून येतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, मोडीचे रुमाल, विद्याव्यासंगी सरफोजी दुसरे! या सरफोजींना घडविण्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. आपल्या गुरूचे स्मारक त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरात करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मराठी राजा आणि जर्मन पाद्री यांच्या या स्नेहाची कथा आपण अभिमानाने सांगतो. श्वार्ट्झचा आणखी एक शिष्य होता, त्याची कथा मात्र आपण सांगत नाही. वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) हे त्याचे नाव.

शास्त्री जातीने वेळ्ळाळर. श्वार्ट्झनी त्यांना बालवयात तिरुनेलवेलीकडून तंजावरला आणले, शिकविले, आणि पुढे ते मिशनच्या शाळेचे प्रमुख झाले. त्यांचे 'बेथलेहेम कुरवंजी' हे काव्य प्रसिद्ध आहे. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा घाट. त्यातली भविष्य सांगणारी भटकी कुरत्ती त्यांनी ख्रिस्ताच्या कथेत आणली. परका धर्म आपल्या मातीच्या घाटात ओतण्याचे हे काम लहान नव्हे. त्यांची पदे तमिळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गायिली जातात. मला तमिळ येत नाही. डेनिस हडसन यांचा तमिळ प्रॉटेस्टंटांच्या आरंभकाळावरील २००० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि तमिळ मित्रांनी समोर बसून सांगितलेला अर्थ, एवढ्या बळावर मी लिहीत आहे. म्हणून शास्त्रींच्या भाषासौंदर्यावर मी निवाडा देणार नाही. माझा प्रश्न मूल्यांचा आहे.

१८२९ च्या सुमारास तंजावरच्या मंडळीत मोठा कलह झाला. जुने मिशनरी मंडळीतील जातिभेद चालवून घेत असत. देवळात वेळ्ळाळर एकीकडे आणि परैयर दुसरीकडे बसत. नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी हे मोडायचे ठरविले: सर्वांनी एकत्र बसावे, प्रभुभोजनाचा एकच प्याला सर्वांनी घ्यावा. शास्त्री याविरुद्ध उभे राहिले. जात्याचाराच्या समर्थनार्थ त्यांनी लेखन केले, निवेदने केली. या नव्या मिशनऱ्यांनी केलेले चार जुलूम त्यांनी मोजून दाखविले. पहिला, रूढ झालेल्या तमिळ बायबलच्या भाषेत फेरफार केला. दुसरा, जाती बळाने एकत्र केल्या. तिसरा, सणासमारंभातील फुलांना मनाई केली. चौथा, देवळातील तमिळ पदे बंद केली. या भांडणात त्यांची मिशनची नोकरी गेली आणि सरफोजींनी त्यांना दरबारी कवी म्हणून आश्रय दिला.

या चार आरोपांची मांडणी नीट पाहिली पाहिजे. पहिला, तिसरा आणि चौथा हे आरोप आपल्यालाही पटतील असे आहेत. गोऱ्या माणसाने येऊन आमची भाषा दुरुस्त करावी, आमच्या बायकांच्या केसांतील फुले काढावीत, आमचे गाणे देवासमोर हलके ठरवावे, हा सांस्कृतिक उद्दामपणाच आहे. त्याविरुद्ध बोलणाऱ्या कवीच्या बाजूने मी उभा राहीन. पण या तिघांच्या मध्ये शास्त्रींनी चौथी गोष्ट अलगद ठेवली आहे. ती म्हणजे परैयराच्या ओठाला लागलेला प्याला आमच्या ओठाला लावू नका. गाणे, फूल, भाषा आणि अस्पृश्यता या चौघांना एकाच दोरात ओवून त्यांनी त्याला 'आमचा आचार' म्हटले. शास्त्रींच्या गद्याची खरी करामत येथे आहे, आणि प्रस्थापित संस्कृतिनिष्ठेची सगळी करामतही येथेच आहे. तिच्या टोपलीत फुले असतात हे खरेच. पण फुलांच्या तळाशी काय ठेवले आहे ते पाहिल्याशिवाय टोपली डोक्यावर घेऊ नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. मिशनऱ्यांनी आणलेली समता वरून आलेली होती. तिच्यामागे नोकरीवरून काढण्याची आणि प्रभुभोजन नाकारण्याची सत्ता होती. जो साहेब आपल्या जेवणाच्या टेबलावर काळ्या माणसाला बसवत नव्हता त्याने वेदीपाशी समता शिकवावी, यातला विरोध उघड आहे. परंतु साहेब ढोंगी होता म्हणून शास्त्री निर्दोष ठरत नाहीत. हुकूम देणारा चुकीचा असला तरी ज्याच्यासाठी तो हुकूम निघाला त्या माणसाची तहान खोटी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मला बोचते. या भांडणात तंजावरचे वेळ्ळाळर स्वतःला 'शूद्र ख्रिस्ती' म्हणवून घेत होते. म्हणजे ब्राह्मणी उतरंडीत जे स्वतः खालचे, तेच आपल्या पायाखालची पायरी जपण्यासाठी लढत होते. जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा. पुढे त्यांनी 'शूद्रातिशूद्र' हा एक शब्द केला आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तंजावरचा कवी शूद्र आणि अतिशूद्र यांच्यामधली रेघ शाईने ठळक करीत होता. फुल्यांनी तीच रेघ पाण्याने पुसली. दोघांपैकी आपला पूर्वज कोण, हे ठरविण्यास धर्माचे नाव पुरत नाही.

मग परैयर काय म्हणाले? या सगळ्या लेखनात त्यांचा स्वतःचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांच्याबद्दल मिशनरी बोलतात, वेळ्ळाळर बोलतात. याचे कारण शोधण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. झीगनबाल्ग आणि प्ल्युशाव हे लुथरन मिशनरी १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरले. १७१५ पर्यंत तेथे तमिळ नवा करार छापून झाला. ते पुस्तक वाचून तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतील राजनायकन नावाचा परैयर शिपाई लुथरन झाला. पुढे कित्येक वर्षे, १७७१ मध्ये मरेपर्यंत, त्याने तंजावर भागात उपदेशकाचे काम केले. पण पाद्री म्हणून दीक्षा मिळाली ती १७३३ मध्ये वेळ्ळाळर आरोनला आणि १७४१ मध्ये दियोगोला. राजनायकनचा विचार झाला आणि मागे पडला, कारण परैयराच्या हातून वेळ्ळाळर प्रभुभोजन घेणार नाहीत. प्याला कोणी कोणाबरोबर घ्यायचा हा प्रश्न १८२९ चा. त्याच्या किती आधी, प्याला कोणाच्या हातचा, या प्रश्नावर मंडळीने शरणागती पत्करली होती! ज्याला वेदीमागे उभे राहू दिले नाही त्याचा आवाज कागदावर कोठून येणार?

तंजावरहून बसने तासाभरावर असलेल्या एका खेड्यात, माझ्या तमिळ सहाध्यापक मित्राच्या घरी, मी एक रविवार काढला. तेथील लुथरन मंडळी लहान, चाळीसएक कुटुंबांची, सगळी परैयर वस्तीतली. देऊळ म्हणजे कौलारू शाळेसारखी खोली. पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला चटईवर. पाद्र्याला तेथे 'अय्यर' म्हणतात हे ऐकून मी दचकलो, मग हसलो. अय्यर महिन्यातून एकदा येतात. एरवी उपदेशियार चालवतात. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाच्या मुलीची फी भरायची आहे, कोणाचा मुलगा तिरुप्पूरच्या गिरणीतून आला नाही, हे सगळे प्रार्थनेतच बोलले जाते आणि प्रार्थना संपली की तेथेच त्याची वर्गणी होते. सुगीच्या सणाला लोक भोपळे, कोंबड्या, तांदूळ आणून वाहतात आणि देवळासमोर त्यांचा लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, आणि घेणारा तो शेजारच्या विधवेला देऊन टाकतो. विश्वास म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या भोपळ्याची गोष्ट सांगेन.

त्या रविवारी त्यांनी वेदनायकम शास्त्रींचे पद म्हटले. मग सगळे वेदीपाशी गुडघे टेकून बसले आणि एकच प्याला ओठांवरून ओठांवर गेला. मी बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईंना मित्राकरवी विचारले, "आजी, ज्याचे पद म्हणता त्याला तुमच्याबरोबर प्याला नको होता, हे ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या, "तंबी, तो मेला. गाणे आमच्या गळ्यात राहिले. आता ते कोणाचे?"

हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवले. समीक्षक म्हणून मला ते पूर्ण पटत नाही. गाणे गळ्यात राहिले तरी कवीचा हिशेब चुकता होत नाही. त्या खोलीत पदाबरोबर राजनायकनचे नावही घेतले गेले पाहिजे. पण आजींच्या उत्तरात वाङ्मयाचा एक कायदा आहे, जो आमच्या पुस्तकी समीक्षेला सुचला नाही. ज्यांना वगळून कलाकृती घडली त्यांनीच ती ताब्यात घेतली तर तिचा अर्थ कवीच्या इच्छेबाहेर जातो. नकार आणि ताबा ही दोन्ही विद्रोहाची रूपे आहेत. आपण पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले, दुसऱ्याविषयी फार थोडे.

तरीही मी भारावून परतलो असे कोणी समजू नये. मित्राने रात्री एक वाक्य सांगितले आणि त्याने माझी झोप उडविली: "आमच्यात प्याला एक आहे, कारण आता आमच्यात दुसरे कोणी उरलेच नाही." गावातील वेळ्ळाळर ख्रिस्ती केव्हाच शहरांतल्या मंडळ्यांत गेले. शेजारच्या अरुंधतियार वस्तीतले एकही कुटुंब त्या खोलीत येत नाही. त्यांना कोणी अडवले नाही, आणि कोणी बोलावलेही नाही. एकाच जातीच्या मंडळीत एकच प्याला ही समतेची परीक्षा उरत नाही. ती घरातली रीत होते.

हे ऐकताना मला आमच्या गावचे विहार आठवले. पंचशील झाल्यावर आम्ही खीर एकाच पातेल्यातून वाढतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. त्या पातेल्याभोवती मातंग वस्तीतली किती माणसे बसतात? आम्ही त्यांना हाकलले नाही. आम्हीही बोलावले नाही.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर जे लिहिले ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये छापले गेले. धर्मांतराने माणसाच्या जगण्यात काय पालटले, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. तो सर्व धर्मांतरांना लागू आहे, आपल्याही. राज्यसंस्थेनेही हा प्रश्न वाकडा करून ठेवला आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहे. देवळात त्याला जात आहे, गावात जात आहे. कागदावर मात्र नाही.

आपले मराठी ख्रिस्ती वाङ्मयही या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई यांची थोरवी मी मानतो. पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या लुथरन नसल्या तरी त्या बव्हंशी महार-मांगांच्या होत्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासात नावे उरली ती ब्राह्मण घरांतून आलेल्यांची. राजनायकन आपल्याकडेही असणार. त्याला शोधण्याचे काम विद्यापीठाच्या प्रबंधाने होणार नाही, वस्तीत जाऊन म्हाताऱ्यांपाशी बसावे लागेल.

याच वाटेवर आपल्यातला एक माणूस पुढे गेला होता. मराठी मुलखातल्या अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविचाराची मांडणी केली. तिचीच पुढे दलित ईश्वरविद्या झाली. मद्रासच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात त्या विषयाचा विभाग त्यांनी चालविला. म्हणजे तंजावरच्या मराठी राजाने ज्या कवीला आश्रय दिला त्याने प्याल्यावर जात लिहिली, आणि दीडशे वर्षांनी मराठी चळवळीतला 'दलित' हा शब्द त्याच तमिळ मुलखातल्या लुथरनांच्या वर्गात जाऊन बसला. तंजावरशी आपले नाते सांगताना शिलालेखाबरोबर हेही सांगावे.

मला त्या खेड्यातल्या मंडळीला सल्ला द्यायचा नाही. माझ्या गावच्या विहारात येत्या वैशाखी पौर्णिमेला खीर शिजेल. मातंग वस्तीत निरोप घेऊन कोण जाणार, हे आम्ही अजून ठरविलेले नाही. हा लेख छापून येईपर्यंत ठरले नाही, तर वेदनायकम शास्त्रींवर टीका करण्याचा माझा अधिकार संपला असे वाचकांनी समजावे.