कुंपणापलीकडची नोंद

बेसबॉलच्या इतिहासात कारकिर्दीतली सर्वाधिक फलंदाजी सरासरी कोणाची, या प्रश्नाला अमेरिकेत अनेक दशके एकच उत्तर होते : टाय कॉब. मे २०२४ मध्ये हे उत्तर बदलले. आता अधिकृत नोंदीप्रमाणे पहिला आहे जॉश गिब्सन. त्याची सरासरी ०.३७२, कॉबची ०.३६७. हा विक्रम मोडला गेला तेव्हा तो करणाऱ्याला जाऊन सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गिब्सन मरण पावला. गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही, कारण तो काळा होता.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे की, बेसबॉलची सरासरी धावांची नसते. फलंदाजाच्या हिशेबात धरलेल्या संधींपैकी किती वेळा तो आपल्या फटक्याच्या बळावर सुखरूप बेसवर पोचला, त्याचे ते प्रमाण. दहात तीनदा जमले, म्हणजे ०.३०० झाली, तरी फलंदाज उत्तम गणला जातो. या खेळात आकड्यांना मोठा मान आहे. खेळ कोणी शोधला, पहिला कोण, श्रेष्ठ कोण, कोणाला कोणते पारितोषिक मिळाले, हे प्रश्न तिथे घरोघरी विचारले जातात आणि नोंदवही उघडली की उत्तर मिळते, अशी श्रद्धा आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या श्रद्धेवर आहे. नोंदवही उत्तर देते ते कोणीतरी लिहून ठेवण्यायोग्य मानलेल्या गोष्टींचेच. जे लिहिलेच गेले नाही त्याचे काय, हा प्रश्न तिथल्या साहित्याने, विशेषतः ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’ या नाटकाने, नोंदवहीच्या कितीतरी आधी विचारला होता.

शोध कोणी लावला?

पहिल्याच प्रश्नाचे प्रचलित उत्तर खोटे आहे. अॅब्नर डबलडे या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी बेसबॉलचा शोध लावला, असे अमेरिकन मुलांच्या पिढ्या शिकल्या. या कथेचा उगम १९०५ ते १९०७ या काळात काम करणाऱ्या मिल्स आयोगात आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार म्हणत असे की, हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्सवरून आला. अॅल्बर्ट स्पॉल्डिंग हा माजी खेळाडू आणि क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी. त्याला हे कुळ मान्य नव्हते. खेळ अस्सल अमेरिकन ठरायला हवा होता. आयोगाला मुख्य पुरावा मिळाला तो अॅब्नर ग्रेव्हज नावाच्या वृद्धाच्या आठवणीचा. १८३९ मध्ये हे गृहस्थ पाच वर्षांचे होते. डबलडे स्वतः त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता. दुसरीकडे, ‘बेसबॉल’ हे नाव इंग्लंडमधल्या मुलांच्या एका पुस्तकात १७४४ मध्येच छापलेले सापडते. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर अॅबी’तही ते आहे.

तरीही १९३९ मध्ये, कल्पित शताब्दीच्या मुहूर्तावर, कूपरस्टाउनलाच बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ उघडले आणि आजही ते तिथेच आहे. यातून पुढच्या विवेचनासाठी एक गोष्ट हाती लागते. पुरावा नसताना एका गोऱ्या सेनाधिकाऱ्याची कथा राष्ट्राने स्वीकारली. आणि त्याच काळात हजारो प्रेक्षकांसमोर खेळलेल्या काळ्या खेळाडूंकडे मात्र पुराव्याची मागणी होत राहिली.

पहिला कोण?

मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू म्हणून जॅकी रॉबिन्सनचे नाव घेतले जाते. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तो दिवस मोठाच. पण १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलीडोच्या संघातून त्या काळच्या एका मेजर लीगमध्ये खेळला होता. म्हणजे दार आधी किलकिले होते आणि मग ते लावून घेतले गेले. ‘पहिला’ या शब्दाच्या झळाळीत हे लावून घेणे दिसेनासे होते.

बंदीचा लेखी नियम कधीच नव्हता. १९२० ते १९४४ इतका काळ आयुक्त असलेले न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस तसे ठासून सांगतही. मात्र त्यांच्या सबंध कारकिर्दीत एकही काळा खेळाडू मेजर लीगमध्ये आला नाही. जो नियम कागदावर नाही तो रद्द तरी कसा करायचा?

दाराबाहेर दुसरे जग उभे राहिले. १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. ‘निग्रो’ हा शब्द आज कोणी वापरत नाही, पण संस्थेचे नाव ते होते. कॅन्सस सिटी मोनार्क्स, होमस्टेड ग्रेज, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, न्यूअर्क ईगल्स हे त्यांतले नामवंत संघ. रॉबिन्सननंतर त्यांचे खेळाडू मेजर लीगने भराभर उचलले. खुद्द रॉबिन्सनबद्दल मोनार्क्सला एक छदामही मिळाला नाही. प्रेक्षक खेळाडूंच्या मागे गेले आणि निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या मोसमानंतर बंद पडली. न्याय मिळाला, तो मिळताना काळ्या समाजाने उभारलेली एक संस्था मोडली. रॉबिन्सनची गौरवगाथा सांगताना ही बाजू सहसा येत नाही.

पारितोषिकावरचे नाव

पारितोषिकांची यादी नीट वाचली तर ती साक्ष देते. नॅशनल लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नऊ वेळा निग्रो लीगमधून आलेल्या खेळाडूंना मिळाला : रॉबिन्सन, रॉय कॅम्पनेला तीनदा, विली मेझ, डॉन न्यूकम, हँक आरन आणि अर्नी बँक्स दोनदा. १९५६ मध्ये सर्वोत्तम पिचरसाठी साय यंग पारितोषिक सुरू झाले. तेही पहिल्यांदा न्यूकमलाच मिळाले. दार उघडल्यावर दहा वर्षांत हे घडत असेल, तर आधीच्या पन्नास वर्षांत बाहेर काय काय राहिले असेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि या नऊही मानचिन्हांवर नाव होते न्यायाधीश लँडिस यांचे. ज्यांच्या राजवटीत यांतला कोणीही आत येऊ शकला नसता, त्यांच्याच नावाचे मानचिन्ह घरात लावायचे. ते नाव काढायला २०२० साल उजाडले.

उशिराची दुरुस्ती

त्याच २०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला. १९६९ मध्ये एका समितीने असा दर्जा कोणाला द्यायचा हे ठरवले होते, तेव्हा या लीग वगळल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये तेवीसशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत आले. हे काम झाले ते जुन्या वृत्तपत्रांमुळे. काळ्या समाजाची ‘पिट्सबर्ग कूरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारखी पत्रे सामन्यांचे तक्ते छापत, आणि संशोधकांनी वर्षानुवर्षे ते एकेक करून गोळा केले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. निग्रो लीगचे मोसम लहान होते, त्यामुळे सरासरी फुगते. १९४३ मधली गिब्सनची ०.४६६ ही सरासरी पूर्ण लांबीच्या मोसमाशी कशी ताडायची? आक्षेप गणिताच्या दृष्टीने निरर्थक नाही. पण करोनाच्या वर्षी मेजर लीगचा मोसमही साठ सामन्यांचाच झाला आणि तो निमूट नोंदीत गेला. मोसम लहान का होते, हेही विचारायला हवे. लीगच्या सामन्यांवर पोट भरत नसल्याने हे संघ गावोगावी फिरून मिळेल त्याच्याशी खेळत आणि ते सामने लीगमध्ये धरले जात नसत.

माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. हॉल ऑफ फेममध्ये गिब्सनच्या नावाचा फलक १९७२ पासून आहे. त्यावर लीगचे आणि इतर सामने मिळून जवळजवळ ८०० होम रनचा उल्लेख आहे. नव्या अधिकृत नोंदीत त्याचे होम रन दोनशेच्याही आत आहेत. दोन्ही आकडे एकाच संस्कृतीने, एकाच माणसाच्या गौरवासाठी दिले. पहिल्यामागे लोकांची आठवण आहे, दुसऱ्यामागे सापडलेले तक्ते. नोंदीत जागा मिळाली तेव्हा गिब्सनची सरासरी उंचावली आणि दंतकथा आक्रसली. दुरुस्ती आवश्यक होती यात शंका नाही. पण नोंदवही आपल्याच मापाने दुरुस्त होते, हेही त्यातून दिसते.

ट्रॉय मॅक्सनचा आकडा

इथे ‘फेन्सेस’ महत्त्वाचे ठरते. विल्सन पिट्सबर्गचा, म्हणजे गिब्सनच्याच शहरातला. विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटके त्याने लिहिली; ‘फेन्सेस’ त्यांतले पन्नासच्या दशकाचे. १९८७ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नायक ट्रॉय मॅक्सन त्रेपन्न वर्षांचा, कचरा उचलणारा कामगार, पूर्वीचा निग्रो लीगचा फलंदाज. काळ आहे १९५७, म्हणजे आरन सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला ते वर्ष.

पहिल्याच प्रवेशात ट्रॉय हिशेब मांडतो. यँकीजच्या संघात सेल्कर्क ०.२६९ सरासरीवर खेळत होता. आपली होती ०.४३२ आणि होम रन सदतीस. जॉर्ज सेल्कर्क ही खरी व्यक्ती. १९४० च्या मोसमात त्याची सरासरी ०.२६९ होती, हे कोणीही पडताळू शकतो. ट्रॉयचा आकडा कुठेच पडताळता येत नाही. एका वाक्यात विल्सनने दोन आकडे शेजारी ठेवले आहेत. एकामागे वही आहे आणि दुसऱ्यामागे फक्त बोलणाऱ्याचा आवाज. प्रेक्षकाला ठरवायचे आहे की, वही नाही म्हणून आवाज खोटा मानायचा का.

विल्सन हा निर्णय सोपा करत नाही, आणि माझ्या लेखी हेच या नाटकाचे मोठेपण. ट्रॉय बढाईखोर आहे, मृत्यूशी कुस्ती खेळल्याच्या गोष्टी रंगवून सांगतो. तो बेसबॉल शिकला तुरुंगात. त्याची उमेदीची पंधरा वर्षे तिथे गेली. रंगाची भिंत पडली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती, हे बायको रोझ त्याला तोंडावर सांगते. मित्र बोनो समजूत घालतो की तू जरा लवकर आलास, आणि ती समजूत ट्रॉयला सर्वांत जास्त झोंबते, कारण तिच्यात कोणाचाच दोष उरत नाही. पुढे मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या बळावर कॉलेजात जायची संधी येते तेव्हा ट्रॉयच ती मोडतो. गोरे तुला पुढे जाऊ देणार नाहीत, हे त्याचे कारण. १९५७ मध्ये ते पुरते खरे राहिलेले नाही आणि पुरते खोटेही ठरलेले नाही. नोंद न झालेला अन्याय माणसाबरोबर संपत नाही, पुढच्या पिढीच्या ताटात वाढला जातो, हे नाटक दाखवते. कुठल्याही सुधारित तक्त्यात कोरीसाठी रकाना नाही.

या नाटकात ट्रॉयची भूमिका ब्रॉडवेवर जेम्स अर्ल जोन्सने केली आणि टोनी पारितोषिक मिळवले. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, तोच नट ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या लोकप्रिय चित्रपटात आला. आयोवातल्या मक्याच्या शेतात मैदान आखले जाते आणि जुने मृत खेळाडू तिथे खेळायला येतात. जोन्सने रंगवलेला काळा लेखक तिथे बेसबॉलवर एक हृद्य भाषण करतो : या खेळात अमेरिकेचे जे जे चांगले ते टिकून आहे. मात्र शेतातून परतणाऱ्या त्या खेळाडूंत गिब्सन नाही, काळे कोणीच नाही. भाषण ऐकताना डोळे पाणावतात हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, मूळ कथेतल्या त्या मैदानालाही कुंपण आहे. काळ्या नटाच्या आवाजामुळे ते दिसत नाही, एवढेच. स्मरणरंजन आणि स्मृती यांत फरक करायचा तर ही दोन कामे शेजारी ठेवून पाहावीत.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकन लोकांना. शंभर वर्षांनी ‘दलित पँथर’ने आपले नाव तिकडूनच घेतले. काळ्या साहित्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या समीक्षेने वेदना, विद्रोह, नकार हे शब्द रुजवले. त्यांच्या जोडीला ‘नोंद’ हाही शब्द ठेवायला हवा, असे ‘फेन्सेस’ वाचताना वाटते. आत्मकथने लिहिली गेली तेव्हा लेखकांनी आपली नोंद स्वतः केली. कोणी प्रमाणपत्र देईल याची वाट पाहिली नाही.

नाटकाच्या अखेरीस ट्रॉय मरतो तो अंगणात. झाडाला चिंध्यांचा चेंडू टांगलेला आहे, हातात बॅट आहे. त्या शेवटच्या फटक्याचा तक्ता कोणी लिहिला नाही. घरात होती त्यांनी तो पाहिला, आणि रोझ तो मुलाला सांगते.