युद्धाचे कारण आणि शिपायाचे कारण

पहिल्या महायुद्धाचे कारण काय? तर २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, असे आपला विद्यार्थी पाठ करतो. बाजारपेठा आणि वसाहती यांसाठी साम्राज्यांत चाललेली चढाओढ फार तर एका ओळीत येते. परंतु जो प्रत्यक्ष लढला, तो कशासाठी लढला, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाला पडत नाही. मुल्कराज आनंद यांना तो पडला, हेच दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या कादंबरीचे मोल होय.

तिचा नायक लालू हा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा. फ्रान्सच्या खंदकात तो लढतो ते सम्राटासाठी नव्हे, तर घराण्याची गेलेली जमीन परत मिळेल या आशेने. युद्धाचे कारण लंडन-बर्लिनमध्ये आणि शिपायाचे कारण गावातल्या कर्जात, ही विसंगती आनंद प्रभावीपणे दाखवतात. या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मेले, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे गांभीर्य कळते.

मात्र कादंबरीची मर्यादाही येथेच आहे. लालूजवळ गमावण्यापुरती तरी जमीन होती आणि भरतीच्या दारात त्याची जात आडवी आली नाही. ज्याला जमीन नाही आणि बंदूकही नाकारली गेली, त्याचे काय? ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. सैन्याची आणि पोलिसांची दारे उघडावीत म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. दार उघडले ते १९१७ साली, माणसे कमी पडू लागल्यावर. तेव्हा उभारलेली १११वी महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. गरज आली की सिद्धांत गुंडाळायचा, गरज सरली की पुन्हा उलगडायचा!

‘अनटचेबल’ लिहिणाऱ्या लेखकाकडून या शिपायाची अपेक्षा करणे अवाजवी नाही. युद्ध वाईटच, पण ज्या समाजव्यवस्थेत माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी एखाद्याला परक्याच्या युद्धाची वाट पाहावी लागते, तिला दोषी धरल्याशिवाय युद्धविरोधी साहित्य पूर्ण होत नाही. हा शिपाई आता दलित लेखकानेच उभा करावा.