कॉर्नेलिया कॉनेली यांचें चरित्र : साधनांची परीक्षा

एखाद्या व्यक्तीविषयीं कागद पुष्कळ मिळतात, एवढ्यावरून तिचें चरित्र नीट कळलें असें मानणें हा इतिहासलेखनांतील नेहमींचा प्रमाद होय. कागद कोणीं, कोणत्या हेतूनें आणि कोणापुढें ठेवण्यासाठीं लिहिला हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं. या दृष्टीनें कॉर्नेलिया कॉनेली यांच्या चरित्रसाधनांचा विचार येथें करावयाचा आहे. इंग्लंडांत मुलींच्या शिक्षणासाठीं ‘होली चाइल्ड जीझस’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापणाऱ्या या अमेरिकन बाईंविषयीं त्यांच्या हयातींत व नंतरही बरेंच लिहिलें गेलें. परंतु त्यांतील पुष्कळ लेखन एकतर फिर्यादीचें आहे किंवा स्तुतीचें.

निर्विवाद हकीकत प्रथम देतों. बाईंचा जन्म १५ जानेवारी १८०९ रोजीं फिलाडेल्फिया येथें झाला. १८३१ मध्यें एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक पीअर्स कॉनेली यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व उभयतां नॅचेझ येथें राहूं लागलीं. १८३५ मध्यें पीअर्स यांनीं आपलें पद सोडलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बाईंनीं न्यू ऑर्लिन्स येथें कॅथॉलिक पंथ स्वीकारला. यजमानांचा प्रवेश १८३६ मध्यें रोम येथें झाला. पतीच्या पाठोपाठ पत्नी गेली असें कोणी गृहीत धरील, तर तें या तारखांनींच खोटें ठरतें. पुढें लुइझियाना प्रांतांत ग्रँड कोटो येथें पीअर्स जेझुइटांच्या विद्यालयांत व बाई कन्याशाळेंत शिकवीत असत. तेथेंच ऑक्टोबर १८४० मध्यें पुरोहितदीक्षा घेण्याचा मनोदय पतीनें बोलून दाखविला. १८४४ मध्यें रोमनें दोघांस विभक्त होण्याची परवानगी दिली. १८४५ मध्यें पीअर्स यांस दीक्षा मिळाली. १८४६ मध्यें बाई डर्बी येथें आल्या. १८४७ च्या डिसेंबरांत त्यांनीं व्रतें घेतलीं, आणि पुढल्याच महिन्यांत पीअर्स यांनीं मुलांना त्यांच्या शाळांतून काढून इटलींत नेलें.

आतां साधनांकडे वळूं. पहिला वर्ग खटल्याच्या कागदांचा. १८४९ मध्यें पीअर्स यांनीं इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांत, कोर्ट ऑफ आर्चेसमध्यें, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठीं फिर्याद केली. १८५० मध्यें सर हर्बर्ट जेनर-फस्ट यांनीं रोममधील विभक्ततेचा बचाव अमान्य करून पतीच्या बाजूनें निर्णय दिला. त्याच वर्षीं पोपनें इंग्लंडांत बिशपांची परंपरा पुनः स्थापिली आणि कॅथॉलिकांविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. पुरोहितांनीं कोंडून ठेवलेली पत्नी हें चित्र लोकांस त्या वातावरणांत सहज पटलें. १८५१ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें तो निर्णय कायम केला नाहीं, आणि अखेर खटला बारगळला. हे कागद तारखांसाठीं विश्वसनीय आहेत. पण बाईंच्या मनाविषयीं ते जवळजवळ मुके आहेत. रोमच्या हुकुमास इंग्लंडांत किती बळ, हा न्यायालयापुढील प्रश्न होता. या बाईस काय हवें होतें, हा नव्हे. शिवाय फिर्यादीचा काळ बोलका आहे. पीअर्स यांनीं आपणच संघाचे संस्थापक अशा नात्यानें रोममध्यें नियमावली सादर केली होती, असें चरित्रकार सांगतात. संघ हातीं येत नाहीं असें दिसल्यावरची ही फिर्याद आहे.

दुसरा वर्ग भाविक चरित्रांचा. त्यांतील मुख्य प्रसंग असा कीं, १८४० च्या आरंभीं बाईंनीं आपलें सर्व सुख ईश्वरास अर्पण केलें, आणि लगोलग त्यांचा लहान मुलगा जॉन हेन्री उकळत्या पाकाच्या काहिलींत पडून आईच्या मांडीवर वारला. मुलाचा मृत्यु सत्य आहे; २ फेब्रुवारी १८४० ही त्याची तारीख. परंतु प्रार्थनेचें उत्तर म्हणून मृत्यु आला, असें गुंफणें हें बखरीचें काम आहे, इतिहासाचें नव्हे. कालानुक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. या पद्धतीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्यांत पुढील प्रत्येक दुःख आधींच स्वीकारलेलें ठरतें. मग निवड करणारी बाई उरतच नाहीं. वस्तुतः दीक्षेपूर्वीं पतीनें फेरविचार करावा, संसार पुनः चालवूं, असें बाईंनीं सुचविल्याची हकीकत हींच चरित्रें देतात. तिचा अर्थ मात्र तीं घेत नाहींत. संमति होती, पण ती ओढून आणलेली होती.

तिसरा वर्ग बाईंच्या स्वतःच्या कामाचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोलाचा. डर्बी येथें त्यांनीं आरंभ केला तो गरीब मुलींच्या व गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या शाळांनीं. १८४८ मध्यें संघ समुद्रकांठच्या सेंट लेनर्ड्स येथें गेला. १८६३ मध्यें त्यांनीं आपल्या शाळांसाठीं अभ्यासक्रमाचा ग्रंथ तयार केला. चित्रकला, संगीत व नाट्य यांस त्यांत मानाचें स्थान आहे, आणि मुलींवर पहारा ठेवण्यापेक्षां विश्वास ठेवावा हा त्यांच्या शिक्षणाचा पाया आहे. हा ग्रंथ न्यायाधीशासाठीं लिहिलेला नाहीं, संतपदासाठींही नाहीं. जिच्या स्वतःच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाहीं, तिनें विश्वास हें शाळेचें तत्त्व करावें, यांत तिचा स्वभाव दिसतो.

हा विषय आपल्यास अगदींच परका नाहीं. रखमाबाईंवर मुंबईंत १८८४ मध्यें दादाजी भिकाजींनीं दावा आणला तो याच उपायाचा. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं, हा उपाय इंग्लंडांतून आणलेला असून हिंदु धर्मशास्त्रांत त्यास आधार नाहीं, असें म्हणून तो फेटाळला. १८८७ मध्यें मात्र रखमाबाईंस पतीकडे जाण्याचा, अन्यथा तुरुंगवासाचा हुकूम झाला, आणि १८८८ मध्यें तडजोड झाली. दोन्ही प्रकरणांत धर्म, देश व वय भिन्न आहे. परंतु स्त्रीची इच्छा हा कायद्यापुढील प्रश्नच नसणें, ही गोष्ट समान आहे. फरक एवढाच कीं, रखमाबाईंनीं आपली बाजू वृत्तपत्रांत स्वतः मांडली. कॉर्नेलियाबाईंची बाजू त्यांच्या शाळांतून शोधावी लागते.

त्या शोधांत एक गोष्ट लपवूं नये. बाईंना संघ मिळाला, पण मुलें परत मिळालीं नाहींत. थोरला मर्सर १८५३ मध्यें वारला. ॲडेलिन व फ्रँक पित्याच्या छायेंत वाढलीं. बाई १८ एप्रिल १८७९ रोजीं सेंट लेनर्ड्स येथें वारल्या. रोमनें १९९२ मध्यें त्यांस ‘पूज्य’ ही पदवी दिली. ती देणें हें धर्मपीठाचें काम आहे. त्या निवडीची किंमत कोणीं कोणीं दिली हें नोंदविणें इतिहासाचें आहे, आणि त्या नोंदींत मुलांचीं नांवें आईच्या नांवाखालींच लिहिलीं पाहिजेत.