आकाशातल्या साक्षीदाराची उलटतपासणी

माझ्या घराच्या गच्चीवर एक साधा पर्जन्यमापक आहे. घर सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यापासून फार दूर नाही. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मापकातले पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम. पुढे वहीत मी आणखी एक रकाना आखला. त्यात उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला, त्याच दिवसाचा, आमच्या भागाचा पाऊस लिहू लागलो. हे आकडे आता कुणालाही विनामूल्य मिळतात. दोन रकाने शेजारी आले आणि माझी झोप उडाली. वळवाच्या पावसात दोघांचे बऱ्यापैकी जमते. आषाढात मात्र ढग कौलांपर्यंत उतरलेले असतात, पाऊस दिवसरात्र थांबत नाही, मापक भरून जातो. आणि आकाशातला साक्षीदार सांगतो की थोडी भुरभुर होऊन गेली.

एका गच्चीवरच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. उपग्रहाचा आकडा कित्येक चौरस किलोमीटरांच्या चौकोनाचा असतो, माझा आकडा हातभर भांड्याचा. पण या विसंगतीने मला एका प्रश्नाकडे नेले. हवामानबदलाच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक एक वाक्य हमखास वापरतात: मॉडेल म्हणजे अंदाज, उपग्रह म्हणजे वस्तुस्थिती. मग मॉडेलचा आकडा उपग्रहाच्या आकड्याशी ताडून पाहायचा. जुळला तर मॉडेल पास, नाही तर नापास. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात बराच घोळ दडलेला आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. १९७८ च्या अखेरीस टायरॉस-एन या हवामान-उपग्रहाबरोबर सूक्ष्मलहरी मोजणारे एक उपकरण अवकाशात गेले. त्यानंतर तशीच उपकरणे एकामागून एक उपग्रहांवर बसवली गेली. ती पाठवली होती रोजच्या हवामान-अंदाजासाठी. अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल येथील रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी त्या नोंदी जोडून जगाच्या तापमानाची एक सलग मालिका तयार केली. १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. १९७९ ते १९८८ या दहा वर्षांत तापमानवाढीचा स्पष्ट कल दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. जमिनीवरचे तापमापक वाढ दाखवत होते. मॉडेले तर सांगत होती की पृष्ठभागापेक्षा वरची हवा, विशेषतः उष्ण कटिबंधात, अधिक वेगाने तापायला हवी. साक्षीदार म्हणत होता, तसे काही घडलेले नाही. पुढची पंधरा वर्षे हा पुरावा वर्तमानपत्रांपासून अमेरिकी संसदेच्या समित्यांपर्यंत सर्वत्र फिरला.

आता हा साक्षीदार पाहतो कसा, ते पाहू. उपग्रहावर तापमापक नसतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूंमधून सूक्ष्मलहरी बाहेर पडतात आणि त्यांची तीव्रता हवेच्या तापमानावर अवलंबून असते. उपकरण मोजते ती ही तीव्रता. ती एका ठरावीक उंचीवरून येत नाही. अनेक किलोमीटर जाडीच्या थरातून एकत्र येते. ज्या पट्ट्यावर ही मालिका उभी होती, तो मुख्यतः तपांबराचा, म्हणजे ज्या थरात ढग-पाऊस घडतात त्याचा. पण त्याचा वरचा काठ स्थितांबरात पोचतो, आणि कार्बन डायऑक्साइडची वाढ व ओझोनचा ऱ्हास यांमुळे स्थितांबर थंड होत होते. म्हणजे तापणाऱ्या आणि निवणाऱ्या हवेची सरमिसळ एकाच आकड्यात होत होती. वॉशिंग्टन विद्यापीठातील च्यांग फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही सरमिसळ वेगळी करण्याची रीत मांडली, तेव्हा तपांबराची वाढ आधीपेक्षा ठळक दिसू लागली.

दुसरी अडचण कक्षेची. स्पेन्सर आणि क्रिस्टी यांनी हवेचा खालचा थर वेगळा काढण्यासाठी एक युक्ती केली होती. उपकरण सरळ खाली पाहते आणि तिरकेही पाहते. या दोन नजरांतल्या फरकावरून खालच्या थराचे तापमान काढायचे. पण विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतात, वर्षाला साधारण एक किलोमीटर. उंची घटली की तिरक्या नजरेचा कोन बदलतो आणि हवा निवल्याचा भास होतो. फ्रँक वेंट्झ आणि मथायस शाबेल यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिले. ती दुरुस्ती धरल्यावर दर दशकाला उणे ०.०५ अंश हा कल अधिक ०.०७ अंश झाला. आकडा लहान, पण उणेचे अधिक होणे म्हणजे साक्ष उलटणे.

तिसरी अडचण घड्याळाची. हे उपग्रह एका जागेवरून रोज एकाच वेळी जावेत अशी योजना असते, पण वर्षांगणिक ती वेळ सरकते. दुपारी दोनला मोजणारा उपग्रह काही वर्षांनी चारला मोजू लागला, तर हवा निवलेलीच दिसणार. यासाठी केलेल्या दुरुस्तीत हंट्सव्हिलच्या गटाकडून चूक झाली होती. २००५ मध्ये कार्ल मिअर्स आणि वेंट्झ यांनी ती दाखवली. स्पेन्सर व क्रिस्टी यांनी ती मान्य केली आणि त्यांचा कल दर दशकाला सुमारे ०.०३५ अंशांनी वाढला. ही मान्यता महत्त्वाची आहे. वाद कितीही कडवट असला, तरी आकडे उघड्यावर होते, म्हणूनच चूक सापडली. त्याच वर्षी हेही पुढे आले की जुन्या हवामान-फुग्यांवरच्या उपकरणांना दिवसा ऊन लागत असे आणि तो परिणाम काळानुसार कमी होत गेला होता. उपग्रहाच्या बाजूने साक्ष देणारा फुगाही निर्दोष नव्हता. २००६ च्या अमेरिकी शासनाच्या अहवालाने निर्वाळा दिला की जागतिक सरासरीपुरती पृष्ठभाग आणि वरची हवा यांतली मोठी विसंगती आता उरलेली नाही. उष्ण कटिबंधाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

या कथेचा शेवट ‘मॉडेले जिंकली’ असा करण्याचा मोह अनेकांना झाला. तो टाळायला हवा. घड्याळाची दुरुस्ती करण्यासाठी दिवसभरात तापमान कसे चढते-उतरते, हे माहीत असावे लागते. मिअर्स आणि वेंट्झ यांनी ते सुरुवातीला एका हवामान-मॉडेलमधूनच घेतले होते. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच घराण्यातल्याची मदत साक्षीदाराने घेतली होती. यात लबाडी नाही. दुसरी सोय थोडीच होती, आणि पुढे ती दुरुस्ती उपग्रहांच्या परस्पर तुलनेने सुधारलीही. पण मॉडेल एका बाजूला आणि निखळ निरीक्षण दुसऱ्या बाजूला, अशी स्वच्छ फाळणी करता येत नाही, हे यातून दिसते.

जुन्या मराठी पोथ्या हाताळणाऱ्याला हे अनोळखी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपण जे वाचतो ते कुणीतरी पारखलेले, निवडलेले असते. उपग्रहांच्या मालिकाही अशाच संशोधित प्रती आहेत. मूळ नोंदी त्याच, संपादक वेगळे. हंट्सव्हिलच्या गटाने २०१५ मध्ये आपली सहावी आवृत्ती काढली, तेव्हा खालच्या थरातली वाढ आधीपेक्षा कमी निघाली. मिअर्स आणि वेंट्झ यांची नंतरची आवृत्ती आली, तेव्हा त्यांची वाढ आधीपेक्षा जास्त निघाली. पाठभेद असलेली पोथी आपण टाकून देत नाही. पण आपल्या मताला सोयीची प्रत निवडून तीच मूळ संहिता म्हणून मिरवणाऱ्याला संशोधकही म्हणत नाही. हवामानाच्या वादात असे दोन्हीकडे झाले. तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी कमी वाढीची प्रत उचलली. मॉडेलांच्या कैवाऱ्यांनी दर वेळी निरीक्षणातच खोट असेल असे गृहीत धरले. वस्तुस्थिती अशी की सगळ्या दुरुस्त्यांनंतरही उष्ण कटिबंधातली वरची हवा मॉडेलांच्या सरासरीत उपग्रहांपेक्षा अधिक तापते. मॉडेलला समुद्राचे प्रत्यक्ष मोजलेले तापमान पुरवले की हे अंतर बरेच घटते. म्हणजे दोषाचा मोठा वाटा समुद्राच्या तापमानाची प्रत्यक्षातली ठेवण मॉडेलात न उतरण्यात आहे. ‘मॉडेल चुकते’ या ओरडीपेक्षा ‘मॉडेल कुठे चुकते’ हे सांगणारी अशी तपासणी अधिक कामाची.

दुसरा घोळ फुटलेल्या प्रश्नपत्रिकेचा. पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सूर्याकडून सरासरी सुमारे ३४० वॅट ऊर्जा मिळते. आत येणारी आणि बाहेर जाणारी ऊर्जा यांतला फरक जेमतेम एका वॅटच्या आसपास आहे, आणि पृथ्वी तापते ती या फरकामुळे. सेरेस नावाची उपकरणे १९९७ पासून निरनिराळ्या उपग्रहांवरून ही ये-जा मोजत आली आहेत. वर्षागणिक होणारे बदल ती चांगले टिपतात. पण निव्वळ फरकाचा नेमका आकडा सांगण्याइतके त्यांचे मोजमाप अचूक नाही. त्यामुळे समुद्रात सोडलेल्या आर्गो तरंगकांनी मोजलेल्या उष्णतेशी ते जुळवून घेतले जाते. दुसरीकडे मॉडेल बांधणारेही ढगांविषयीचे काही अनिश्चित आकडे असे बसवतात की हा ताळेबंद निरीक्षणाशी जमावा. हे सर्वमान्य आहे आणि गरजेचेही. पण मग त्याच ताळेबंदाशी मॉडेल जुळते, हे त्याच्या गुणवत्तेचे प्रमाण म्हणून सांगण्यात काय अर्थ? ज्या प्रश्नांचा सराव करून घेतला, तेच परीक्षेत विचारल्यासारखे झाले.

खरी परीक्षा कशी असते, याचा नमुना १९९१ ने दिला. त्या वर्षी जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी जानेवारी १९९२ मध्ये आपल्या मॉडेलच्या आधारे भाकीत छापले की जग तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने निवेल. तसेच घडले. पुढे २००२ मध्ये ब्रायन सोडेन आणि सहकाऱ्यांनी याच घटनेत बाष्पाचा प्रश्न तपासला. हवा निवली की तिच्यातले बाष्प घटते. बाष्प स्वतः उष्णता अडवते, म्हणून थंडी आणखी वाढते. उपग्रहांना बाष्प घटलेले दिसले होते. मॉडेलमध्ये ही साखळी चालू ठेवली तर निवणे प्रत्यक्षाशी जुळले. ती तोडली तर मॉडेल पुरेसे निवेना. इथे नुसत्या सरासऱ्या जुळवल्या नव्हत्या. निसर्गाने दिलेला धक्का, त्यातली एक ठरावीक कार्यकारण-साखळी, आणि ती तोडून पाहण्याची सोय, असे तिन्ही एकत्र आले होते.

सरासरी किती फसवते, ते पावसात अधिक दिसते. २००६ मध्ये सोडलेल्या क्लाउडसॅट उपग्रहावरच्या रडारने ढगांचा उभा छेद दाखवला. ग्रीम स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याच्या आधारे दाखवले की महासागरांवर मॉडेलांतला पाऊस प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळा पडतो, पण हलका पडतो. बेरीज जमते, पाऊस चुकतो. शेतकऱ्याला आणि धरणावरच्या अभियंत्याला मात्र बेरजेइतकाच, किंबहुना अधिक, तो कसा पडला याच्याशी मतलब असतो.

आता माझ्या गच्चीकडे परत येतो. सूक्ष्मलहरींवरून जमिनीवरचा पाऊस ओळखताना उपग्रहाची भिस्त मुख्यतः ढगाच्या वरच्या भागातल्या बर्फकणांवर असते. वळवाचे ढग उंच, बर्फाने भरलेले. म्हणून तिथे अंदाज जमतो. सह्याद्रीवरचा पावसाळी पाऊस बराचसा बुटक्या ढगांतून पडतो. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकून वर चढते आणि फारसा बर्फ न बनताच रिती होते. साक्षीदाराला हवी असलेली खूणच नसते, म्हणून तो कमी सांगतो. अभ्यासकांनी हा दोष नोंदवलेला आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला हाकेच्या अंतरावर असलेल्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. जागतिक मॉडेलांचा एक चौकोन बहुधा शंभरेक किलोमीटरांचा असतो, त्यात हा सगळा उतार एकच होऊन जातो. घाटावर मॉडेल कमी पाऊस पाडते आणि उपग्रहही कमीच सांगतो. मग दोघांचे जुळले म्हणून मॉडेलला गुण द्यायचे का? कोयनेचे पाणी याच पावसाचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशाचे पहिले पृथ्वी-प्रणाली मॉडेल उभे केले आणि ते जागतिक तुलनेत उतरवले, याचा अभिमान वाटतोच. अशा मॉडेलांची परीक्षा घाटमाथ्यावर कोणत्या प्रतीशी ताडून घेतली, हा प्रश्न वाचकानेही विचारायला शिकले पाहिजे.

उपग्रह नकोत, असे मी म्हणत नाही. महासागरांवर, वाळवंटांवर, ध्रुवांवर त्यांच्यावाचून आपण आंधळे आहोत. त्यांची साक्ष घ्यायचीच आहे. पण साक्षीदार कुठे उभा होता, काय पाहू शकत होता आणि त्याचे म्हणणे कुणी लिहून घेतले, हे विचारून. आज वापरात असलेल्या उपग्रहीय पावसाच्या अनेक अंतिम आवृत्त्या जमिनीवरच्या मापकांशी जुळवूनच प्रसिद्ध होतात. आकाशातला साक्षीदारही शेवटी भांड्यातल्या पाण्याकडे पाहून आपली जबानी दुरुस्त करतो. म्हणून वहीतले दोन्ही रकाने मी चालू ठेवले आहेत. उद्या सकाळीही साडेआठला गच्चीवर जायचे आहे.